‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळ जवळ आला की या जुन्या, शांत प्रेमकथेबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. चित्रपट अजून पाहिला नसेल तर पहिले तीन प्रश्न वाचून थांबा, आधी चित्रपट पाहा आणि मग पुढचं वाचा. टीव्हीच्या सेटिंगबद्दलचा प्रश्न मात्र पाहण्याआधीच वाचलेला बरा. त्यात कथेबद्दल काहीही नाही.

हा चित्रपट कुणाचा आणि किती लांबीचा?

दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच. जन्म १८९२, बर्लिन. १९२० च्या दशकात ते हॉलिवूडला आले आणि तिथलेच झाले. पटकथा सॅमसन राफेल्सन यांची, छायालेखन विल्यम डॅनियल्स यांचं, संगीत वेर्नर हायमान यांचं, निर्मिती हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओची. जानेवारी १९४० मध्ये प्रदर्शित. कृष्णधवल, साधारण ९९ मिनिटं. मूळ आधार मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराचं १९३० च्या दशकातलं ‘पार्फ्युमरी’ हे नाटक. नाटकात दुकान अत्तरं आणि सौंदर्यप्रसाधनांचं आहे. चित्रपटात ते चामड्याच्या वस्तूंचं आणि भेटवस्तूंचं झालं: पाकिटं, पर्सेस, सुटकेसेस. हा बदल वाटतो तितका किरकोळ नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

मुख्य भूमिका: मार्गारेट सुलवन (क्लारा नोवाक), जेम्स स्ट्युअर्ट (अल्फ्रेड क्रॅलिक), फ्रँक मॉर्गन (दुकानाचे मालक ह्यूगो मातुशेक), फेलिक्स ब्रेसार्ट (पिरोविच, क्रॅलिकचा दुकानातला मित्र), जोसेफ शिल्डक्राउट (वादास, दुकानातला आणखी एक नोकर), विल्यम ट्रेसी (पेपी, दुकानाचा पोऱ्या).

शेवट न फोडता गोष्ट सांगता येईल का?

बुडापेस्टमध्ये आंद्राशी रस्त्याच्या वळणावर, बाल्टा गल्लीत, मातुशेक आणि कंपनी नावाचं एक दुकान आहे. क्रॅलिक तिथला मुख्य सेल्समन. क्लारा नोकरी मागायला येते. क्रॅलिक तिला जागा नाही म्हणून सांगतो, पण ती मालकाच्या डोळ्यांदेखत एक न खपणारी वस्तू गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालते आणि नोकरी मिळवते. त्या दिवसापासून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं नातं सुरू होतं. त्याच काळात दोघंही एका अनोळखी व्यक्तीशी टपालातून पत्रव्यवहार करताहेत. नाव नाही, फोटो नाही, फक्त ‘प्रिय मित्र’ आणि टपालपेटी क्रमांक २३७. ही अनोळखी व्यक्ती कोण, ते प्रेक्षक लवकरच ओळखतो. त्या दोघांना कधी आणि कसं कळतं, एवढाच खरा प्रश्न उरतो.

नाताळचा चित्रपट म्हणतात, पण अर्ध्याहून जास्त वेळ नाताळचा पत्ताच नसतो. असं का?

कारण हा दुकानदाराचा नाताळ आहे. दुकानात काम करणाऱ्याला सण आधी दिसतो तो मालाच्या खोक्यांत, रात्री थांबून लावायच्या शोकेसमध्ये, वाढत्या गर्दीत. हंगेरीत मुख्य सण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी असतो. त्यामुळे त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत विक्री चालते आणि मग एकदम सगळं शांत होतं. दिवाळीच्या आदल्या रात्री शटर ओढताना दुकानात जो थकवा आणि जी हुरूप एकत्र असतात, नेमकी तीच हवा शेवटच्या भागात आहे. गल्ला मोजल्यावर मातुशेक सांगतात की १९२८ नंतरची ही सर्वांत मोठी विक्री. मधल्या वर्षांत काय झालं ते कुणी बोलत नाही. १९२९ च्या मंदीनंतरची सगळी तंगी त्या एका सालात आली आहे.

पाहायला बसलो, पण पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसती दुकानातली बोलणीच. प्रेमकथा सुरू कधी होते?

ती बोलणी म्हणजेच प्रेमकथा आहे. सुरुवातीची अधीरता बाजूला ठेवावी, कारण पुढचं सगळं याच पंधरा-वीस मिनिटांवर उभं आहे.

सकाळी नोकरमाणसं एकेक करून दुकानाबाहेर जमतात. मालक आल्याशिवाय दार उघडत नाही. आदल्या रात्री मालकाकडे जेवायला कोण होतं, कुणी काय खाल्लं, मालकीणबाईंचं कौतुक कोण जरा जास्तच करतंय, अशा किरकोळ गप्पा चालतात. पण या गप्पांतून कुणाची कुणावर मर्जी आहे आणि नोकरी जायची भीती कुणाला आहे हे कळतं. आणि जो माणूस फार गोड बोलतो तो कोण, हेही पहिल्याच दृश्यात सांगितलेलं असतं. पहिल्यांदा पाहताना ते निसटतं, इतकंच.

याच भागात क्रॅलिक पिरोविचला विचारतो की लग्न केल्यावर दोघांचा संसार किती पैशांत भागतो. पिरोविच संसारी माणूस. तो खोल्यांचा हिशेब मांडतो, डॉक्टरचा खर्च धरतो, घरी पाहुण्यांना जेवायला का बोलवायचं नाही तेही समजावतो: खरा मित्र असेल तर तो जेवण आटोपूनच येतो. आमच्या मते चित्रपटाचं सगळं मोठेपण या दोन मिनिटांत आहे. पडद्यावरचे प्रेमिक सहसा पगाराबद्दल बोलत नाहीत. इथे प्रेमाची पहिली पायरीच पगाराचा हिशेब आहे. म्हणून पुढे क्रॅलिकची नोकरी जाते तेव्हा ती नुसती कथेतली कलाटणी वाटत नाही. त्याच्या हातून संसाराचं गणितच निसटलेलं आपल्याला दिसतं.

या चित्रपटाचा गोडवा दबक्या आवाजाचा आहे तो यामुळेच. इथे प्रेम कामाच्या वेळेत, कामाच्या जागेवर, मालकाच्या नजरेखाली करावं लागतं. मोठ्यानं बोलायची सोयच नाही.

‘लुबिच टच’ म्हणजे नेमकं काय?

मुख्य गोष्ट न दाखवता तिच्या शेजारची गोष्ट दाखवायची आणि उरलेलं प्रेक्षकावर सोपवायचं. व्याख्येपेक्षा या चित्रपटातली उदाहरणं पाहिली तर जास्त कळेल.

टपालपेटीचा शॉट. कॅमेरा टपाल कार्यालयाच्या आतल्या बाजूला, पेट्यांच्या मागे आहे. समोर चौकोनी खणांची भिंत. २३७ क्रमांकाचा खण बाहेरून उघडतो आणि हातमोजा घातलेला एक हात आत येतो. तळाशी चाचपतो. काही नाही. पुन्हा चाचपतो. हात मागे जातो आणि त्या छोट्या चौकटीत क्लाराचा चेहरा दिसतो, रिकाम्या खणात डोकावणारा. संपलं. अश्रू नाहीत, आक्रोश नाही. हाच प्रसंग बाहेरून चित्रित केला असता तर आपल्याला एका उदास मुलीची पाठ दिसली असती आणि तिची निराशा संवादातून सांगावी लागली असती. कॅमेरा आत ठेवल्यामुळे आपण पत्राच्या जागी उभे असतो. ती ज्या पत्राची वाट पाहते आहे त्याच्या जागेवरून तिच्याकडे पाहतो. खण छोटा असल्यामुळे चेहऱ्याची चौकटही आपोआप घट्ट होते, वेगळ्या क्लोजअपची गरज उरत नाही.

कॅफेच्या खिडकीचं दृश्य. ठरलेली खूण अशी: टेबलावर टॉलस्टॉय यांची ‘ॲना कॅरेनिना’ ही कादंबरी आणि त्यात लाल कार्नेशनचं फूल. क्रॅलिकला आत डोकावायचा धीर होत नाही, म्हणून तो पिरोविचला खिडकीतून पाहायला सांगतो. आत कोण बसलं आहे हे लुबिच आपल्याला लगेच दाखवत नाहीत. कॅमेरा रस्त्यावर, या दोघांपाशी थांबतो. पिरोविच एकेक तपशील देतो, आधी पुस्तक, मग फूल, मधे कोट टांगायचा स्टँड आड येतो, आणि अगदी जपून, हळूहळू तो मित्राला सांगतो की तुला मिस नोवाक आवडत नसेल तर ही मुलगीही आवडणार नाही. बातमीपेक्षा ती सांगणाऱ्याची माया इथे महत्त्वाची. आपण क्लाराचा चेहरा पाहण्याआधी क्रॅलिकचा चेहरा पाहतो.

तिसरं उदाहरण, कधीच न दिसणाऱ्या मालकीणबाईंचं. मातुशेकचं घर मोडतं ते या बाईंमुळे, पण त्या चित्रपटभर पडद्यावर येत नाहीत. आपल्याला दिसतात ते फोनवर बोलणारे, खांदे पाडून बसणारे मातुशेक. बाई दिसल्या असत्या तर आपण त्यांच्या बऱ्या-वाईटाचा निवाडा करत बसलो असतो.

गोष्ट बुडापेस्टची, मग सगळे अमेरिकन इंग्रजी का बोलतात?

चित्रपट पूर्णपणे एमजीएमच्या सेटवर झाला. बुडापेस्टला कुणी गेलं नाही. पण पाट्या हंगेरियन आहेत, चलन पेंगो आहे, पात्रांची नावं तिकडची आहेत. पेंगो हे १९२७ ते १९४६ या काळातलं हंगेरीचं चलन.

उच्चार मात्र जाणूनबुजून मोकळे सोडले आहेत. स्ट्युअर्ट त्यांच्या नेहमीच्या अडखळत्या अमेरिकन ढंगात बोलतात, ब्रेसार्ट आणि शिल्डक्राउट यांच्या बोलण्यात मध्य युरोप ऐकू येतो. सगळ्यांना खोटा हंगेरियन हेल दिला असता तर पात्रांची नक्कल झाली असती. या चित्रपटामागचे कितीतरी लोक त्याच जगातून उठून आलेले होते. लुबिच बर्लिनचे, शिल्डक्राउट व्हिएन्नाचे, तर ब्रेसार्ट आणि संगीतकार हायमान नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले ज्यू कलावंत. मूळ नाटककार लास्लो हेही ज्यू, १९३८ मध्ये हंगेरीतून अमेरिकेत आले. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि चार महिन्यांत हा चित्रपट आला. त्यात राजकारणाचा एक शब्द नाही. तरी ज्या छोट्या, सभ्य दुकानदारी जगाला इथे इतक्या जपणुकीनं उभं केलं आहे, ते जग तेव्हा मागे पडत होतं हे लक्षात ठेवून पाहिलं, की बर्फातली ती शेवटची संध्याकाळ वेगळी दिसते.

लुबिच यांच्या वडिलांचा बर्लिनमध्ये कपड्यांचा धंदा होता आणि तरुणपणी लुबिच तिथे हिशेबाचं काम करत. गिऱ्हाईक आत आलं की सगळ्यांचे आवाज कसे बदलतात, मालक खूश आहे की नाही हे पायऱ्यांवरच्या पावलांवरून कसं ओळखायचं, असे तपशील कल्पनेनं सुचत नाहीत.

अत्तराच्या ऐवजी चामड्याच्या वस्तू घेतल्यानं काय साधलं?

वस्तूंना कथेत काम मिळालं. सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे गाणं वाजवणारी सिगारेटची पेटी. झाकण उघडलं की ‘ओची चोर्निया’ ही रशियन धून वाजते. मातुशेकना ती फार आवडते. क्रॅलिक स्पष्ट सांगतो की माल कच्चा आहे आणि प्रत्येक सिगारेटीला तीच धून ऐकायची कुणाची इच्छा असणार? मालक आणि नोकर यांच्यातली पहिली चीर इथे पडते. क्लारा तीच पेटी एका बाईंना गोळ्या-चॉकलेटची पेटी म्हणून विकते: धून वाजली की लक्षात येईल, आपण पुन्हा खातोय. युक्ती झकास, आणि नोकरी पक्की.

पण उरलेल्या पेट्या खपत नाहीत. महिनोन् महिने दुकानात पडून राहतात, नाताळात किंमत उतरवून पुन्हा पुढे येतात. आणि क्लारा आपल्या अनोळखी मित्रासाठी भेट म्हणून नेमकी तीच पेटी निवडते! क्रॅलिकला हवं असतं पाकीट. मग पिरोविच कामाला लागतो आणि मोठ्या शिताफीनं तिला पेटीवरून पाकिटावर आणतो.

भांडणातले टोमणेसुद्धा दुकानातल्या मालाचेच आहेत. कॅफेत क्लारा क्रॅलिकला सुनावते की त्याच्या आत खोल पाहिलं तर हृदयाच्या जागी हँडबॅग सापडेल, आत्म्याच्या जागी सुटकेस आणि बुद्धीच्या जागी न पेटणारा लायटर. दिवसभर जे विकायचं त्याच शब्दांत रागवायचं. अत्तराच्या बाटल्यांनी हे झालं नसतं.

क्रॅलिकला अर्ध्यातच सगळं कळतं, तरी तो क्लाराला सांगत नाही. ही फसवणूक नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. आज पाहताना तो खटकतो. उत्तर देताना त्याच्याकडे त्या वेळी काय पर्याय होते ते पाहावं लागतं.

कॅफेतल्या रात्री तो सांगायच्या बेतानंच आत जातो. पण त्याच दिवशी त्याची नोकरी गेली आहे, आणि समोर बसलेली मुलगी त्याला उठून जा म्हणते आहे, कारण तिला तिच्या ‘प्रिय मित्रा’ची वाट पाहायची आहे. तिनं इतकं सुनावल्यावर ‘तो मीच’ असं सांगणं म्हणजे तिला सगळ्यांदेखत खजील करणं. तो गप्प राहून निघून जातो. ही पहिली चुप्पी आम्हाला पूर्ण पटते.

दुसऱ्या चुप्पीत मात्र खोड्या आहेत. क्लारा आजारी पडते, तो तिच्या घरी भेटायला जातो, आणि तो तिथे असतानाच त्यानं लिहिलेलं पत्र येतं. ती ते त्याच्यासमोर वाचते आणि तिचा चेहरा उजळतो. पत्रात त्यानं लिहिलं आहे की मित्र आला होता, पण खिडकीतून तिला एका रुबाबदार पुरुषाबरोबर बसलेलं पाहून परत गेला. इथे तो स्वतःची थोडी जाहिरात करतो, हे खरं. पण पाहायचं ते हे की पत्रानं तिला बरं वाटतं, आणि त्याला पहिल्यांदा दिसतं की आपल्या शब्दांचं तिच्याकडे काय मोल आहे. आतापर्यंत त्यानं फक्त पत्रं लिहिली होती, ती वाचताना कुणाला पाहिलं नव्हतं.

तिसरा टप्पा नाताळच्या संध्याकाळचा. तो सांगतो की तिचा मित्र त्याला भेटायला आला होता, नाव पॉपकिन, टक्कल आहे, पोट सुटलंय, नोकरी नाही. ही थट्टा थोडी लांबते, असं आम्हालाही वाटतं. मात्र मुळात हे पॉपकिनराव कशासाठी निर्माण झाले? कागदावरच्या माणसापेक्षा समोरचा माणूस तिला हवा आहे का, हे क्रॅलिकला जाणून घ्यायचं आहे. तोपर्यंत क्लारानं आपण होऊन कबूल केलेलं असतं की दुकानात आल्यावर सुरुवातीला तिला क्रॅलिक आवडला होता. आणि शेवटी सत्य कळल्यावर तपासणी तिच्या बाजूनं होते: ती त्याला पँट वर करून पाय दाखवायला सांगते, वाकडे नाहीत ना हे पाहायला. तो दाखवतो. आपल्या मते हिशेब फिटतो की नाही, ते प्रत्येकानं ठरवावं.

दोघांच्या भांडणातलं सर्वांत छान भांडण कोणतं?

ब्लाउजवरचं. पिवळ्यावर फिकट हिरवे ठिपके की हिरव्यावर फिकट पिवळे, यावर दोघं हुज्जत घालतात. एवढा तपशील लक्षात ठेवणारा माणूस त्या मुलीकडे दुर्लक्ष करत नव्हता, हे त्या दोघांना सोडून सगळ्यांना कळतं.

स्ट्युअर्ट आणि सुलवन यांची जोडी इतकी सहज कशी वाटते?

ओळख जुनी होती. दोघंही ऐन तरुणपणी युनिव्हर्सिटी प्लेयर्स या नाट्यसंस्थेत होते. पडद्यावर ते चार चित्रपटांत एकत्र आले: १९३६ चा ‘नेक्स्ट टाइम वी लव्ह’, १९३८ चा ‘द शॉपवॉर्न एंजल’, १९४० मध्ये हा आणि त्याच वर्षी ‘द मॉर्टल स्टॉर्म’. याच दोघांना घ्यायचं म्हणून लुबिच थांबले आणि मधल्या काळात त्यांनी ‘निनोच्का’ (१९३९) केला. मग हा चित्रपट अवघ्या २८ दिवसांत आटोपला.

सुलवन यांचा आवाज किंचित घोगरा. तो नीट ऐका. त्या रागाचं वाक्यही आवाज न चढवता बोलतात. त्यांच्या पोशाखाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. क्लारासाठी १ डॉलर ९८ सेंटचा तयार ड्रेस आणला होता, तोही लुबिचना जास्त चांगला वाटला. त्यांनी तो मुद्दाम बेंगरूळ बेतून घेतला आणि उन्हात ठेवून त्याचा रंग उडवला. नोकरी शोधत फिरणाऱ्या मुलीचे कपडे नवे कसे असतील?

मुलांबरोबर पाहता येईल का?

भाषा आणि दृश्यं अगदी सोज्वळ आहेत. एक गोष्ट आधी माहीत असू द्या: साधारण मध्यावर, पत्नीचं प्रकरण ज्याच्यावर संशय घेतला त्या क्रॅलिकशी नसून दुसऱ्याच नोकराशी आहे हे कळल्यावर, मातुशेक आत्महत्येचा प्रयत्न करतात. काहीही भडक दाखवलेलं नाही आणि पेपी वेळेवर पोचतो, पण प्रसंग गंभीर आहे. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांबरोबर पाहताना शेजारी बसा आणि विचारलं तर बोला.

टीव्हीवर चित्र ताणलेलं किंवा गुळगुळीत मालिकेसारखं दिसतं. काय चुकतंय?

दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली चौकटीची. हा चित्रपट १.३७ : १ या जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित झाला आहे. आजचे टीव्ही १६ : ९ चे. म्हणून डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसणं हेच बरोबर. ते घालवायला चित्र आडवं ताणलं तर माणसं जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतात. झूम केलं तर वर-खाली मिळून चित्राचा साधारण पाव भाग कापला जातो. दुकानातल्या दृश्यांत चार-पाच माणसं एकाच चौकटीत असतात आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्याची प्रतिक्रियाच गंमत असते, तीच जाते. पिक्चर साइझ ‘ओरिजिनल’ किंवा ‘४ : ३’ ठेवा.

दुसरी हालचालीची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. मोशन स्मूदिंगसारखी सोय चालू असेल तर टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतो आणि सगळं व्हिडिओवर काढल्यासारखं दिसतं. ही सोय बंद करा. प्रत्येक कंपनीचं तिला नाव वेगळं असतं. सापडली नाही तर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडा, बहुतेक टीव्हींवर तेवढ्यानं काम होतं. शार्पनेसही कमी करा. जास्त असेल तर फिल्मचे कण किडे वळवळल्यासारखे दिसतात.

आवाज मूळ मोनो आहे. ‘सराउंड’ किंवा ‘व्हर्च्युअल’ परिणाम बंद केला की संवाद लगेच स्पष्ट होतात. आणि पाहायची ती कृष्णधवल प्रतच. डॅनियल्स यांनी प्रकाश राखाडी छटांसाठी बेतला आहे.

इंग्रजी नीट समजतं, तरी सबटायटल लावावीत का?

पहिल्यांदा पाहताना लावा. संवाद भरभर चालतात, एकमेकांवर चढतात, आणि पिरोविच तर पुटपुटतो. दुसऱ्यांदा पाहताना काढून टाका. नजर खाली गेली की मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा चुकतो.

फिल्म क्लबमध्ये किंवा सोसायटीत दाखवायचा आहे. मध्यंतर कुठे घ्यावं?

नाही घेतलं तर उत्तम, ९९ मिनिटंच आहेत. घ्यायचंच असेल तर पेपी मातुशेकच्या खोलीत पोचतो तो प्रसंग संपल्यावर, कॅफे सुरू होण्याआधी. क्रॅलिकची नोकरी जाते तिथे थांबवू नका. त्या रात्रीचा ताण नोकरी जाण्यापासून मालकाच्या खोलीपर्यंत एका दमात चढतो, मधे चहा आला की उतरतो.

सार्वजनिक कार्यक्रम असेल तर प्रदर्शनाची रीतसर परवानगी घ्या. घरी पाहण्यासाठी भाड्यानं किंवा विकत घेतलेली प्रत सभागृहात दाखवता येत नाही.

याचे नवे अवतार कोणते, आणि आधी काय पाहावं?

तीन ठळक. ‘इन द गुड ओल्ड समरटाइम’ (१९४९): जूडी गार्लंड आणि व्हॅन जॉन्सन, दुकान शिकागोतलं, वाद्यांचं. गाण्यांसाठी पाहावा, मूकपटांच्या काळातले विनोदवीर बस्टर कीटन यांच्यासाठीही. ‘शी लव्ह्ज मी’ (१९६३): ब्रॉडवेवरचं संगीत नाटक. हे पुन्हा बुडापेस्टला आणि अत्तराच्या दुकानात परत जातं. तिघांत भावानं मूळच्या सर्वांत जवळचं आम्हाला हेच वाटतं. ‘यू हॅव गॉट मेल’ (१९९८): टॉम हँक्स आणि मेग रायन, पत्रांऐवजी ईमेल, आणि नायिकेच्या पुस्तकांच्या दुकानाचं नावच ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’.

शेवटच्याबद्दल थोडं. तिथे नायक मोठ्या साखळी दुकानाचा मालक आहे आणि नायिकेचं छोटं दुकान त्याच्यामुळे बंद पडतं. १९४० मध्ये दोघं एकाच पगारपत्रकावर होते, एकमेकांच्या बरोबरीचे. पॉपकिनची थट्टा चालून जाते ती या बरोबरीमुळे. जिथे एकाच्या हातात दुसऱ्याचं पोट आहे, तिथे तीच लपवाछपवी जड होते. आधी १९४० चाच पाहा.

इतका चांगला होता तर ऑस्कर का नाही?

एकही नामांकन मिळालं नाही. त्याच वर्षीच्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी स्ट्युअर्ट यांना अभिनयाचं ऑस्कर मिळालं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, याची निवड झाली. स्वतः लुबिच यांनी १९४७ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या वर्षी, एका पत्रात लिहिलं होतं की वातावरण आणि माणसं इतकी खरी आपल्या दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात उतरली नाहीत.

दुसऱ्यांदा पाहताना कशाकडे लक्ष द्यावं?

पिरोविचच्या पायांकडे. मातुशेक कुणाचं ‘प्रामाणिक मत’ विचारायला तोंड उघडतात आणि पिरोविच दिसेनासा होतो. आधी त्याच्यावर हसू येतं. मग लक्षात येतं की हा बायकामुलांचा माणूस आहे आणि खरं बोलणं त्याला परवडत नाही. हाच भित्रा माणूस क्रॅलिकच्या पाठीशी मात्र शेवटपर्यंत उभा राहतो.

शिवाय किल्ल्यांकडे. सुरुवातीला दार मालकच उघडतात. पुढे इस्पितळाच्या खाटेवरून मातुशेक किल्ल्या क्रॅलिकच्या हाती देतात. माफीचा तो प्रसंग त्यांनी कसा निभावला आहे ते पाहा. फ्रँक मॉर्गन आदल्याच वर्षी ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये जादूगार होते, पण त्यांचं खरं मोठं काम हे.

शेवटी रूडी नावाच्या पोऱ्याला मातुशेक जेवायला नेतात. त्या जेवणातलं काही घरी करता येईल का?

दुकान बंद झालंय, बर्फ पडतंय, आणि मातुशेक दारात उभे राहून एकेकाला विचारताहेत, आज कुठे जेवणार? प्रत्येकाचं घर आहे. उरतो नवा पोऱ्या रूडी, ज्याचं शहरात कुणी नाही. मग मातुशेक त्याला मेनू ऐकवतात: चिकन नूडल सूप, भाजलेल्या सफरचंदांनी भरलेला हंस, बटाटे आणि लोणी, आंबट सायीतली काकडी, आणि व्हॅनिला सॉससह सफरचंदाचं स्ट्रुडेल. एकेका पदार्थाला रूडीचा चेहरा फुलत जातो आणि मातुशेकचाही.

यातली काकडी सर्वांत सोपी, आणि आपल्या हाताला ओळखीची. चार जणांसाठी अर्धा किलो कोवळ्या काकड्या सोलून कागदासारखे पातळ काप करा. एक चहाचा चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा आणि मग मुठीत घेऊन घट्ट पिळा. इथे हात राखला तर पुढे साय पाणचट होते आणि सगळं ताटात वाहतं. दोन मोठे चमचे व्हिनेगर, दोन मोठे चमचे पाणी आणि एक चहाचा चमचा साखर विरघळवून काकडीवर घाला. वरून पाऊण वाटी आंबट साय. ती मिळाली नाही तर अर्धी वाटी चक्का आणि पाव वाटी ताजी साय एकत्र फेटा. नुसत्या दह्यानं चव कोशिंबिरीकडे झुकते, आणि तेही पाणी सोडतं. वर चिमूटभर गोडसर लाल पॅप्रिका भुरभुरवा. आपलं तिखट घालायचं तर काश्मिरी मिरचीचं, तेही रंगापुरतं. तासभर फ्रीजमध्ये ठेवून गार वाढा. चित्रपट सुरू करण्याआधी करून ठेवली तर मातुशेकनी मेनू ऐकवेपर्यंत ती मुरलेली असते.